फुंदेबाईंची डावी किडनी

पाथर्डी-शिर्डी गाडी सकाळी सव्वासहाला सुटते आणि साडेदहाच्या सुमाराला शिर्डीत टेकते. मधे नगर, राहुरी, कोल्हार, राहाता. या सव्वाचार तासांत कंडक्टर अश्विनी फुंदे पाण्याचा थेंब घेत नसे. सतरा वर्षं झाली. गाड्या बदलल्या, तिकिटांच्या पेटीच्या जागी मशीन आलं, मशीनवर नगरचं अहिल्यानगर झालं, पण हा नेम टिकला. तो तिला कुणी लावून दिलेला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने स्वतःच लावून घेतला होता. साठ माणसांची गाडी आपल्या एकटीसाठी उभी करायची, खाली उतरायचं, साठ जोडी डोळ्यांना आपली पाठ दाखवत आडोसा शोधायचा आणि परत येऊन त्यांच्याच पुढ्यात तिकिटं फाडायची, हे तिला जमण्यातलं नव्हतं. त्यापेक्षा तहान परवडली. तहान निदान कुणाला दिसत नाही.

अश्विनीचा जन्म पाथर्डीच्या पूर्वेकडचा, जिथे दिवाळी झाली की गावातली अर्धी कुलपं लागतात आणि माणसं ऊस तोडायला खाली जातात. तिचं अर्धं बालपण कोल्हारच्या बाजूला, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या झोपडीत, कोपीत गेलं. बाप मोळ्या टाकायचा आणि ती मोजायची. शाळा अर्धं वर्ष इथली, अर्धं वर्ष कुठलीच नाही, तरी बारावी झाली. लग्नानंतर एसटीची भरती निघाली तेव्हा फॉर्म भर म्हणून मागे लागली ती तिची सासू, साळूबाई. साळूबाईने स्वतः तीस हंगाम कोयता चालवलेला. ती म्हणाली, "बिल्ला घे. हातात मशीन आलं का कोयता आपोआप गळून पडतोय." नवरा रविराज टेम्पो चालवायचा, त्याची ना नव्हती. अश्विनी कंडक्टर झाली आणि ज्या रस्त्याने लहानपणी ट्रकच्या हौद्यात बसून गेली होती, त्याच रस्त्याने बिल्ला लावून रोज जाऊ-येऊ लागली.

मोजायची सवय तिला कामाला आली. दारात उभं राहून एक नजर टाकली की गाडीत किती माणसं आहेत ते तिला कळायचं. आणि कुणी तिकीट घेतलेलं नाही तेही. असा माणूस खिडकीबाहेर फार मन लावून बघतो. उसाच्या त्याच त्या शेतात त्याला एकदम काहीतरी नवीन दिसायला लागतं.

गेल्या भाद्रपदात तिची डावी कूस दुखायला लागली. कळ नव्हे, एक जड, हट्टी दुखणं. आतल्या आत कुणी पाटा ठेवून द्यावा तसं.

"बाई, तुम्ही आजकाल खांबाला टेकून उभ्या राहताय," ड्रायव्हर रंगनाथमामा आरशातून बघत म्हणाला. रंगनाथमामाच्या रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती आणि आरशात त्याला रस्त्यापेक्षा गाडीतलंच जास्त दिसायचं.

"तुम्ही पुढे बघून चालवा, मामा."

"पुढं काय, करंजीचा घाट हाय. तो कुठं जातोय पळून?"

मग एक दिवस थंडी वाजून ताप आला. पाथर्डीच्या डॉक्टरने सोनोग्राफी केली. डावी किडनी फुगलेली निघाली. त्याने नगरला डॉ. भार्गवी मुळे यांच्याकडे पाठवलं. त्या किडनीच्या सर्जन. वय चाळिशीच्या आतबाहेर, बोलणं तोडून आणि स्पष्ट.

"फुगलीय हे दिसतंय," त्या फिल्म उजेडाला धरून म्हणाल्या. "का फुगलीय ते यात दिसत नाही. खालची नळी अडली असेल तर ऑपरेशन करून मोकळी करावी लागेल. आणि नळी मोकळी असेल, नुसती वरची पिशवी सैल पडली असेल, तर काहीच करायचं नाही, लक्ष ठेवायचं. सोनोग्राफी म्हणजे घराचा फोटो आहे, फुंदेबाई. घर केवढं आहे ते कळतं. आत कोण कामाला लागलंय आणि कोण झोपलंय, ते नाही कळत."

"मग ते कशात कळतं?"

"न्यूक्लिअर स्कॅनमध्ये. किडनी काम करत असतानाच बघायची."

अश्विनीला दुसरंच विचारायचं होतं. "ऑपरेशन झालं तर किती दिवस घरी?"

"दोन महिने धरा. त्यानंतरही चालत्या गाडीत दिवसभर उभं राहायचं की नाही, ते तेव्हा ठरवू. डेपोत बसून काम मिळेल ना?"

मिळालं असतं. त्याचीच तर धास्ती होती. टेबलावर गेलेली माणसं तिने बघितली होती. त्यांच्या खिडकीत दिवसभर एकच झाड असतं. अश्विनीला कोल्हारचा पूल आला की प्रवरेचं पाणी आज केवढं आहे ते बघायचं असायचं, राहुरीला चढणारी कॉलेजची पोरं आज कुणावरून भांडतायत ते ऐकायचं असायचं. सगळं आयुष्य ती हलत्या जमिनीवर उभी राहिली होती. थांबलेल्या जमिनीवर आपलं काय होईल, याचा तिला अंदाज नव्हता. घरी येताना ती स्वतःशीच म्हणाली, नळी मोकळी निघू दे, बाकी काही नको.

डेपोत बातमी पसरायला वेळ लागला नाही. 'न्यूक्लिअर' शब्द कुणीतरी ऐकला आणि दोन दिवस सगळे तिला 'पोखरण' म्हणू लागले. रंगनाथमामाने मात्र बाजूला घेऊन काळजीने विचारलं, "बाई, ते बॉम्बचंच असतंय का वो?"

"थोडंसंच असतं, मामा."

"थोडंसं म्हंजी? सुतळी का लक्ष्मी?"

तपासणीच्या दिवशी साळूबाई बरोबर निघाली. हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की खाऊन यावे, पाणी भरपूर प्यावे. हे साळूबाईला पटेना.

"तपासनी म्हंजी उपाशीपोटी. माझी शुगर काढत्यात तवा च्या सुदिक देत न्हाईत."

"आत्या, ह्याच्यात उलटं आहे. खाऊन जायचं."

"मग ती कसली तपासनी? पाव्हनेरच म्हनायचा."

भाकरी आणि लसणाची चटणी दोघींनी खाल्ली. पाण्याची बाटली अश्विनीने भरून पिशवीत ठेवली आणि नगरपर्यंत ती मांडीवर धरून बसली. रजेवर होती, तिकीट काढून बसलेली साधी पॅसेंजर होती, तरी चालत्या गाडीत घसा पाण्याला दार उघडेना.

स्कॅनच्या विभागात केदार नावाचा टेक्निशियन होता. तिशीतला, सडपातळ, ॲप्रनच्या खिशाला एक छोटा बिल्ला. अश्विनीचं लक्ष आधी बिल्ल्याकडे गेलं.

"तुमचाही बिल्ला आहे का?"

"माझ्या अंगावर रोज किती किरणं पडली, ते हा मोजतो," केदार हसला. मग फॉर्म बघत, थोडा अडखळत म्हणाला, "विचारावं लागतं, ताई. दिवस वगैरे गेलेले नाहीत ना?"

उत्तर साळूबाईने दिलं. "आरं बाबा, तिची निकिता बारावीला हाय!" आणि तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की बाकावरचे दोन पेशंटही हसू लागले.

केदारने अश्विनीच्या हातात लिटरची गार बाटली दिली. "अर्ध्या तासात ही सगळी संपवायची. मग बाथरूमला जाऊन यायचं. एकदा टेबलावर झोपलात की अर्धा तास हलायचं नाही, उठायचं नाही. मधे थांबवता येत नाही."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं अश्विनीला ऐकू आलं. मधे थांबवता येत नाही. सतरा वर्षांत या वाक्याचा अर्थ तिच्यासाठी एकच झाला होता. तिने दोन घोट घेतले, झाकण लावलं आणि शेजारी बघितलं.

"आत्या, तहान लागलीय का?"

"लई. चटनीनं घसा जळाया लागलाय."

"मग घ्या की."

साळूबाईने बाटली तोंडाला लावली. गार पाणी होतं, घसा जळत होता, बाहेर ऊन होतं. वीस मिनिटांत बाटली संपली. केदार आला, रिकामी बाटली बघून खूश झाला.

"संपवली? सगळी?"

"हो की," अश्विनी म्हणाली आणि भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून बघू लागली. बाटली खरीच रिकामी होती. फुकट्या पॅसेंजरच्या हातातलं तिकीटही खरंच असतं, फक्त कालचं असतं.

आत खोलीत गारठा होता. अरुंद टेबल, टेबलाच्या खाली एक मोठा सपाट चौकोन. तो कॅमेरा. केदारने दंडाला पट्टा बांधून शीर शोधली.

"हा कॅमेरा काही सोडत नाही, ताई. एक्स-रेचं मशीन किरण सोडतं, हे तसं नाही. किरण तुमच्याच अंगातून येणार, या औषधातून. औषध रक्तात जातं, किडन्या ते रक्तातून गाळून घेतात आणि खाली लघवीच्या पिशवीत सोडतात. कॅमेरा खालून नुसता बघत बसतो, कुठे किती आहे."

"म्हणजे औषध पॅसेंजर."

केदार थांबला. "हं?"

"किडनीत किती चढले, किती उतरले, ते मोजायचं."

"अगदी तेच!" त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "बघा मग. दोन रेघा येतील. निळी उजव्या किडनीची, लाल डावीची. तीन-चार मिनिटं चढतील आणि मग उतरतील."

सुई टोचली. काही सेकंदांत काळ्या पडद्यावर ठिपके पडायला लागले. आधी मधोमध एक धुरकट झोत, मग दोन्ही बाजूंना दोन घेवड्याच्या दाण्यांसारखे डाग, हळूहळू उजळत जाणारे. अश्विनी श्वास धरून बघत राहिली. एक्केचाळीस वर्षं हे दोघे आपल्या पाठीशी अंधारात बसून काम करत होते. ना कधी आवाज केला, ना कधी सुट्टी मागितली. आणि आपण त्यांना रोज सव्वाचार तास कोरडं ठेवत आलो. तिला एकदम त्यांची लाज वाटली. ओळखीचं माणूस गर्दीत उभं असावं आणि आपण बघून न बघितल्यासारखं करावं, तशी.

डावा डाग उजव्याहून थोरला होता, पण उजळत तोही होता.

"झोपलेला नाही ना तो?" तिने विचारलं.

"नाही, नाही. उचलतोय की चांगलं," केदार म्हणाला.

रेघा चढल्या. पाच मिनिटं झाली, सात झाली. लाल रेघ वर जाऊन सपाट झाली. निळीही सपाट झाली. दहाव्या मिनिटाला केदारने दुसरं इंजेक्शन दिलं, लघवी जोरात व्हायचं. रेघा किंचित कलल्या आणि परत तशाच. केदारच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं?"

"रिपोर्ट डॉक्टर लिहितात, मी काही सांगायचं नसतं," तो म्हणाला. पण पडद्यावरून त्याची नजर हलेना. "डावी उतरत नाहीये, ते समजू शकतो. पण उजवी का उतरेना? सोनोग्राफीत ती चांगली आहे."

अश्विनीला रेघा वाचता येत होत्या. गाडी भरली होती आणि स्टँड आला तरी कुणी उतरत नव्हतं.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. वॉर्डबॉय मच्छिंद्रने डोकं आत घातलं. "सर, ह्यांच्यासोबतची आजी तिसऱ्यांदा बाथरूम विचारतेय. शुगर बिगर वाढली असंल का तिची?"

"असेल. बसव तिला पंख्याखाली," केदार लक्ष न देता म्हणाला आणि पुन्हा पडद्यात शिरला. त्याला काही जोडता आलं नव्हतं. अश्विनी गप्प राहिली असती तर कुणालाच कळलं नसतं. ती छताकडे बघत होती. छत पांढरं होतं, त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, आणि ती फार मन लावून बघत होती. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच चेहरा दिसला, शेवटून दुसऱ्या सीटवर, खिडकीकडे वळलेला.

"पाणी मी नाही प्यायले," ती म्हणाली. "दोन घोट फक्त. बाटली सासूबाईंनी संपवली."

केदार पडद्यावरून तिच्याकडे वळला.

"का पण, ताई?" केदारने विचारलं. रागावून नाही, खरोखर न समजून.

"तुम्ही म्हणालात मधे उठता येणार नाही. मधे उठता येणार नसलं की मी पीत नाही. सतरा वर्षं नाही पीत."

केदार स्टूल ओढून बसला. "पाणी कमी पडलं ना, की चांगली किडनीसुद्धा हात आखडून घेते. आहे तेवढं धरून ठेवते, सोडत नाही. इथे ती अडलेल्या किडनीसारखीच दिसते. ही रेघ अशीच रिपोर्टात गेली असती, तर मुळे मॅडमपुढे तुमची नळी बंद आहे असंच आलं असतं."

"म्हणजे ऑपरेशन."

"कदाचित. नाहीतर सगळं पुन्हा. तसंही आता पुन्हाच करायचंय. परवा या." मग तो हसला. "बरं झालं बोललात. मशीनला थाप कळत नाही. ते बिचारं दिसेल ते मांडतं."

बाहेर साळूबाई पंख्याखाली अवघडून बसली होती. झालेला प्रकार कळला तेव्हा ती उखडली. "मला काय ठावं ते औशद हाय म्हनून? मी आपलं पानी समजून प्याले!"

"पाणीच होतं, आजी," केदार म्हणाला. "आता संध्याकाळपर्यंत ताईंनी लहान पोरांना जवळ घ्यायचं नाही, आणि पाणी खूप प्यायचं. स्वतः."

"हिच्या अंगातून आता उजेड पडतोय का काय?"

"दिसत नाही तो, आजी."

दिसत नाही हे साळूबाईला जास्त वाईट वाटलं. परतीच्या गाडीत ती अश्विनीशेजारी बसली नाही, पुढच्या सीटवर बसली आणि दर चार मैलांनी मागे वळून बघत राहिली. "बरी हाय का?" "बरी आहे, आत्या." "कसं, गरम लागतंय का आतून?" चौथ्यांदा विचारल्यावर सगळ्या गाडीला कळलं.

ठरल्याप्रमाणे ती तिसऱ्या दिवशी गेली, तेव्हा केदारने तिला बाकावर बसू दिलंच नाही. आपल्या टेबलासमोर खुर्ची टाकली आणि पेल्यापेल्याने पाणी पाजलं, शाळेतल्या मास्तरासारखं. साळूबाईला घरीच ठेवलं होतं. पहिला पेला कसाबसा गेला. दुसऱ्याला पोट कुरकुरलं. तिसऱ्या पेल्यानंतर मात्र तहान, जी सतरा वर्षं कोपऱ्यात गुमान बसली होती, ती एकदम उठून उभी राहिली. अश्विनीने चौथा पेला स्वतः मागून घेतला.

टेबल, सुई, काळा पडदा. निळी रेघ चढली आणि चौथ्या मिनिटाला बाक घेऊन खाली उतरू लागली, घाट उतरणाऱ्या गाडीसारखी. लाल रेघ चढली, माथ्यावर रेंगाळली. पाच मिनिटं, आठ मिनिटं, दहा. अश्विनीने मुठी वळल्या. केदारने दुसरं इंजेक्शन दिलं. एक मिनिट काहीच झालं नाही. मग लाल रेघ जरा कलली. आणखी कलली. आणि मग दारातली पहिली म्हातारी उतरली की मागची सगळी रांग भराभरा मोकळी होते, तशी घसरत गेली.

"उतरले!" अश्विनी मोठ्याने म्हणाली.

"हलू नका!" केदार ओरडला, पण तोही हसत होता.

संध्याकाळी डॉ. मुळे यांनी रिपोर्ट वाचला. काम डाव्या बाजूचं शंभरात सेहेचाळीस, उजव्या बाजूचं चोपन्न. नळी अडलेली नाही. पिशवी सैल आहे, तेवढंच.

"ऑपरेशन नाही. सहा महिन्यांनी सोनोग्राफी. ड्युटी चालू ठेवा." अश्विनी खुर्चीतून उठायला लागली तशी त्या म्हणाल्या, "बसा. माझं झालेलं नाही. तो ताप आणि ते दुखणं पाणी तोडल्यामुळे आलंय, असं माझं मत आहे. दर तासाला पेलाभर पाणी. गाडीत, उभ्याने, कसंही. हे केलं नाहीत तर पुढच्या वेळी मीच डेपोला लिहून देईन की यांना टेबल द्या."

"पण डॉक्टर, मधे गाडी..."

"ते मला नका सांगू. गाडी तुमची आहे."

सोमवारी सव्वासहाला गाडी निघाली. अश्विनीने तिसगावच्या आधी एक पेला घेतला आणि तिसगाव गेल्यावर दुसरा. रंगनाथमामाने आरशातून दोन्ही पेले बघितले. गाडी भरलेली होती. करंजीच्या अलीकडे तिने दोरी ओढली. घंटी वाजली. मामाने वेग कमी केला.

"कोन उतरायचंय हितं?"

"मी," अश्विनी म्हणाली. गाडीतली बोलणी थांबली. तिचे कान तापले. "त्या हॉटेलापाशी घ्या, मामा. मागे सोय आहे त्यांची. पाच मिनिटं."

मामाने गाडी हॉटेलाच्या अंगणात घेतली. अश्विनी उतरली आणि मागे न बघता सरळ चालू लागली. सात-आठ पावलांवर तिला वाटलं, आपल्यामागे कुणीतरी येतंय. तिने वळून बघितलं. निळ्या साडीतली एक मास्तरीण, काखेत पोर घेतलेली एक बाई, दोघी कॉलेजच्या मुली, शिर्डीला निघालेल्या चौघी बायका, काठी टेकत एक म्हातारी, आणि दारातून अजून दोघी उतरत होत्या.

म्हातारी तिला गाठून म्हणाली, "बाई, तुज्या तोंडाकडं बघत बसले हुते गं पाथर्डीपासनं. कवा थांबवती, कवा थांबवती."

"मग सांगायचं की, आजी."

"लाज वाटती माय."

रांग लागली. हॉटेलवाला चहाची किटली घेऊन बाहेर आला, तेव्हा पुरुषही उतरले. पाच मिनिटांची बारा झाली. अश्विनी परत येऊन दारात उभी राहिली तेव्हा रंगनाथमामा घड्याळाकडे बघत डोकं खाजवत होता.

"शिर्डीला उशीर झाला का म्हून विचारलं, तर काय सांगू?"

"सांगा, करंजीला लई गर्दी होती."